कोष्टकं कुठे गेली?

संगणकाचा इतिहास सांगणारा लेख मराठीत कुठेही उघडा, त्याची पहिली चार वाक्यं न वाचताही सांगता येतात. माणूस आधी बोटांवर मोजत होता, मग खडे आले, मग दोरीच्या गाठी, मग मण्यांची चौकट. तिथून एक लांब उडी आणि आपण फ्रान्समध्ये पास्कलच्या दाराशी. मग लायब्निझ, मग बॅबेज, मग हॉलरिथची भोकं पाडलेली कार्डं, मग खोलीभर पसरलेला एनिअॅक आणि शेवटी आपल्या खिशातला फोन. ही गोष्ट इतकी पाठ झाली आहे की ती कुणीतरी रचलेली आहे, हेच लक्षात येत नाही. मला या लेखात तिच्याकडे गोष्ट म्हणून बघायचं आहे. तिचा नायक कोण, तिच्यात कोणाला बोलायला मिळतं, आणि मधल्या लांब उडीखाली काय गाडलं गेलं आहे?

गोष्टीचा साचा वंशावळीचा आहे. अबॅकसच्या पोटी पास्कल, पास्कलच्या पोटी लायब्निझ. पण वंशावळीत एक अट असते, बापाला मुलगा झालेला असावा लागतो. इथे तसं फार ठिकाणी झालेलं नाही. विल्हेल्म शिकार्ट याने १६२३ मध्ये केप्लरला पत्र लिहून आपल्या आकडेमोडीच्या यंत्राचं वर्णन कळवलं. पुढच्याच वर्षी केप्लरसाठी बनत असलेलं यंत्र आगीत जळलं. ती पत्रं आणि चित्रं जुळवून लोकांसमोर आली ती १९५७ मध्ये. म्हणजे पास्कलला शिकार्ट माहीत नव्हता, लायब्निझला नव्हता, बॅबेजलाही नव्हता. तरी आजच्या तक्त्यांत शिकार्ट पास्कलच्या वरच्या घरात ऐटीत बसलेला असतो, जणू तो आजोबा आहे. अँटिकिथेराच्या बुडालेल्या जहाजातून १९०१ मध्ये वर आलेलं ते दातेरी चाकांचं ग्रीक यंत्र तर त्याहून एकाकी. तीसहून अधिक चाकं, ग्रहणांचं चक्र दाखवणाऱ्या तबकड्या, आणि वय दोन हजार वर्षांपेक्षा जास्त. आज ते अथेन्सच्या संग्रहालयात आहे. त्याच्या पाठीमागची परंपरा आपल्याला तुकड्यांत दिसते आणि पुढची जवळजवळ दिसतच नाही. त्याला 'पहिला संगणक' म्हणताना आपण अनाथ मुलाला घराण्याचा मूळपुरुष करून टाकतो.

तारखांच्या क्रमाला वंश समजणं ही या प्रकारच्या लेखनाची जुनी खोड आहे. पण ती खोड मला फार त्रास देत नाही. जास्त त्रास देते ती निवड. काय 'उपकरण' आणि काय नाही, हे ठरवताना गोष्ट फक्त हलणाऱ्या वस्तू उचलते. मणी सरकतात, चाकं फिरतात, रिले खटखटतात, नळ्या तापतात. जे हलत नाही, ते उपकरण नाही. या एका निकषाने गणनेच्या इतिहासातलं सर्वांत मोठं, सर्वांत जास्त काळ वापरलेलं आणि सर्वांत जास्त माणसांच्या हाती पोचलेलं साधन गोष्टीबाहेर पडतं. ते साधन म्हणजे कोष्टक.

आता थोडं थांबून कोष्टक करतं काय, ते बघू. एकदा कुणीतरी मेहनतीने हिशेब करतो आणि उत्तरं मांडून ठेवतो. पुढच्या हजार माणसांना तो हिशेब करावा लागत नाही, फक्त शोधावा लागतो. गणनेचं रूपांतर वाचनात होतं. यात यंत्रापेक्षा कमी काहीच नाही. श्रम साठवले जातात, दुसऱ्याला दिले जातात, चुका झाल्या तर त्याही हजार माणसांना वाटल्या जातात. कोलंबिया विद्यापीठात ठेवलेली प्लिम्प्टन ३२२ नावाची बॅबिलोनी मातीची वीट साधारण ३८०० वर्षांपूर्वीची आहे. तिच्यावर पंधरा ओळी आणि चार स्तंभ आहेत आणि स्तंभांना वर मथळे आहेत. तिचा नेमका उपयोग काय यावर विद्वानांचं एकमत नाही, पण ती कोष्टक आहे यावर आहे. आपल्या एक्सेलच्या पानाशी तिचं नातं अबॅकसच्या आणि लॅपटॉपच्या नात्यापेक्षा कितीतरी जवळचं आहे. आडव्या ओळी, उभे रकाने, वर नाव.

आणि आपल्याकडे तर कोष्टक तोंडात राहायचं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. यातली औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आज सांगावं लागतं. जुन्या उजळणीत ही सगळी पानं ओळीने असत. रुपया-आणे-पै आणि मण-शेर-छटाक यांच्या जगात पाव आणि अर्धा हीच चलनी नाणी होती, त्यामुळे अपूर्णांकांचे पाढे हा काही छंद नव्हता, ते दुकानातलं अवजार होतं. त्याला मणी नाहीत, चौकट नाही, संग्रहालयात काचेमागे ठेवण्यासारखं काहीच नाही. म्हणून त्याला इतिहास नाही. जपानी सोरोबानला आहे, कारण तो हातात धरता येतो. हल्ली शहराशहरांत अबॅकसचे क्लास निघाले आहेत आणि तिथे मुलांना डोळे मिटून मनातले मणी सरकवायला शिकवतात. म्हणजे फी भरून आपण वस्तू विकत घेतो आणि मग ती मनात न्यायला शिकतो. आजी आधीच तिथे होती.

हा निकष कुठून आला, ते पाहायला एक पुस्तक घेतो. हर्मन गोल्डस्टाइन यांचं 'द कम्प्युटर फ्रॉम पास्कल टू फॉन नॉयमन', प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रेसने १९७२ मध्ये काढलेलं. पुस्तक वाईट नाही, उलट अजून वाचावं असं आहे. गोल्डस्टाइन स्वतः गणिती. युद्धकाळात अमेरिकी लष्कराचे अधिकारी म्हणून त्यांनी एनिअॅकच्या कामाला पैसा आणि परवानगी मिळवून दिली, आणि पुढे प्रिन्स्टनमध्ये फॉन नॉयमनबरोबर काम केलं. म्हणजे इतिहासकार आणि साक्षीदार एकच. पुस्तकाचे तीन भाग आहेत. दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा काळ, युद्धातलं काम आणि युद्धानंतरचं काम. पहिल्या भागात सुमारे तीनशे वर्षं, आणि उरलेल्या दोन भागांत दहा-पंधरा. या रचनेतच युक्तिवाद आहे. मागचं सगळं हे पुढच्या प्रसंगाची पूर्वतयारी, आणि पुढच्या प्रसंगी लेखक स्वतः खोलीत हजर.

शीर्षकाकडे पुन्हा बघा. दोन माणसांची नावं आणि मध्ये 'पासून-पर्यंत'. ही घराण्याच्या बखरीची भाषा आहे, आणि बखरीप्रमाणेच इथेही शेवटच्या राजाच्या दरबारातला माणूस लिहितो आहे.

पण गंमत अशी की, गोल्डस्टाइन यांना कोष्टकं चांगली ठाऊक होती. एनिअॅक बांधलाच मुळी कोष्टकांसाठी. तोफेचा गोळा किती कोनात, कोणत्या हवेत, किती दूर पडेल हे सांगणारी मारगिरीची कोष्टकं प्रत्येक नव्या तोफेबरोबर लागत. एका गोळ्याचा मार्ग टेबलावरच्या कॅल्क्युलेटरने काढायला एका माणसाला वीसेक तास लागत, आणि एका कोष्टकात असे मार्ग शेकड्यांनी. फिलाडेल्फियाच्या मूर स्कूलमध्ये हे काम करणाऱ्या बहुतेक जणी स्त्रिया होत्या आणि त्यांच्या पदाचं नावच 'कम्प्युटर' होतं. एनिअॅकला तेच काम अर्ध्या मिनिटात जमलं. त्यातल्याच सहा जणी, के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बायलस आणि रूथ लिक्टरमन, एनिअॅकवर प्रश्न चढवायला निवडल्या गेल्या. तारा कुठून कुठे जोडायच्या, बटणं कशी लावायची हे त्यांनी आराखडे वाचून स्वतः शिकून काढलं.

१९४६ च्या फेब्रुवारीत यंत्र लोकांना दाखवलं तेव्हा गोळ्याच्या मार्गाचं प्रात्यक्षिक झालं. ते कुणी तयार केलं? गोल्डस्टाइन यांच्या पुस्तकात त्याचं श्रेय त्यांना स्वतःला आणि त्यांच्या पत्नी अडेल यांना आहे, सोप्या भागात हॉल्बर्टन आणि त्याच्या हाताखालच्या मुलींची थोडी मदत. बेटी जेनिंग्ज, म्हणजे नंतरच्या जीन बार्टिक, यांनी आपल्या आत्मचरित्रात हे साफ नाकारलं. ते प्रात्यक्षिक मी आणि बेटी स्नायडरने केलं, असं त्या म्हणतात. ते आत्मचरित्र आलं २०१३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. दोन साक्षींमध्ये चाळीस वर्षांचं अंतर.

मला इथे न्यायाधीश व्हायचं नाही. पण समीक्षक म्हणून एक गोष्ट दिसते. यंत्राला नायक केलेल्या गोष्टीत, यंत्र बनवणारा हा त्याचा जनक ठरतो, यंत्राची कल्पना मांडणारा ऋषी ठरतो, आणि यंत्राकडून काम करून घेणारी व्यक्ती 'मदत' ठरते. गोल्डस्टाइन यांच्या जागी दुसरा कुणी, अधिक उदार मनाचा लेखक असता, तरी या साच्यात त्याने त्या सहा जणींना कुठे बसवलं असतं? वंशावळीत दोनच खाती असतात, जन्म देणारे आणि जन्मलेले. हिशेब करणाऱ्यांसाठी रकानाच नाही.

याच रकान्यापासून सुरुवात करणारं पुस्तक २००५ मध्ये आलं. डेव्हिड अॅलन ग्रिअर यांचं 'व्हेन कम्प्युटर्स वेअर ह्यूमन', तेही प्रिन्स्टनच्याच प्रेसचं. एकाच प्रकाशनगृहाने तेहतीस वर्षांच्या अंतराने आपल्याच पुस्तकाला दिलेलं उत्तर, असंही ते वाचता येतं. ग्रिअर यांचा पहिला मोठा प्रसंग पास्कलचा नाही. पॅरिसमध्ये क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत हे तिघं हॅलेच्या धूमकेतूची परत येण्याची तारीख काढत महिनोन्महिने आकडे करत बसले आहेत. त्यांनी १७५९ च्या एप्रिलचा मध्य सांगितला, महिन्याभराची सूट ठेवून. धूमकेतू १३ मार्चला सूर्याजवळून गेला. या दृश्यात यंत्र नाही. आहे ते कामाचं वाटप, एकाचं उत्तर दुसऱ्याचा प्रश्न होणं, आणि एकमेकांच्या चुका पकडणं.

ग्रिअर वाचताना मला वारंवार वाटत राहिलं की आपण कारखान्याचा इतिहास वाचतो आहोत, आणि ते खरंच आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर गास्पार द प्रोनी याला नव्या दशमान कोनांसाठी प्रचंड लॉगरिथमची कोष्टकं करायची होती. त्याने अॅडम स्मिथ वाचला आणि टाचण्यांच्या कारखान्यासारखी माणसांची उतरंड लावली. वर पाच-सहा गणिती, सूत्रं निवडणारे. मध्ये सात-आठ जण, सूत्रांतून आकडे आणि सूचनांचे कागद तयार करणारे. खाली साठ-सत्तर जण, ज्यांना फक्त बेरीज आणि वजाबाकी येत होती. क्रांतीने सरदारांची डोकी उडवली तेव्हा त्या डोक्यांचे टोप करणारे न्हावी बेकार झाले आणि त्यातले काही इथे आले, असं सांगतात. ही कोष्टकं पूर्ण झाली, पण पूर्ण छापली कधीच गेली नाहीत. ती हस्तलिखितं चार्ल्स बॅबेजने बघितली, आणि 'ऑन द इकॉनॉमी ऑफ मशिनरी अँड मॅन्युफॅक्चर्स' या १८३२ च्या पुस्तकात बौद्धिक श्रमाच्या विभागणीवर एक अख्खं प्रकरण लिहिलं.

तर बॅबेज. वंशावळीतला हा सगळ्यात लाडका पूर्वज, 'संगणकाचा जनक'. पण त्याला काय हवं होतं, हे त्याच्याच कामातून बघितलं तर जनकाच्या जागी एक छापखानेवाला दिसू लागतो. १८२१ मध्ये तो आणि जॉन हर्शेल खगोलीय कोष्टकांच्या दोन प्रती ताडून बघत होते, चुकांवर चुका निघत होत्या, आणि हे सगळं वाफेवर व्हायला हवं होतं असं त्याच्या तोंडून निघालं, ही कथा सर्वांना माहीत आहे. कमी सांगितली जाणारी गोष्ट पुढची आहे. हिशेब बरोबर असून भागत नाही, नक्कल करणारा चुकतो, खिळे जुळवणारा चुकतो. म्हणून डिफरन्स एंजिनच्या आराखड्यात छपाईची सोय होती, उत्तर थेट साच्यात उमटावं अशी. १८२७ मध्ये त्याने स्वतः लॉगरिथमची कोष्टकं काढली. नंतर डोळ्यांना कमी त्रास कशाने होईल हे बघायला तीच कोष्टकं वेगवेगळ्या रंगांच्या दीडशेच्या वर कागदांवर, वेगवेगळ्या शाईंनी छापून बघितली. हिरव्यावर निळं, पिवळ्यावर लाल. हा माणूस वाचकाचा विचार करत होता! गणनयंत्राच्या जनकाला कोष्टक वाचणाऱ्याच्या थकलेल्या डोळ्यांची चिंता होती, हे एवढं एक वाक्य आपल्या लेखांत आलं तर त्या लेखांचा सूर बदलेल.

लंडनच्या सायन्स म्युझियमने बॅबेजच्या दुसऱ्या डिफरन्स एंजिनचा गणनेचा भाग १९९१ मध्ये बांधून दाखवला. छपाईचा भाग पूर्ण व्हायला २००२ साल उजाडलं. यातही आपली आवड दिसते. आधी चाकं.

आणि एडा लव्हलेस. १८४३ मध्ये तिने मेनाब्रेआच्या फ्रेंच लेखाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि त्याला टिपा जोडल्या. टिपा मूळ लेखापेक्षा लांब झाल्या. टीका या शब्दाचा जुना अर्थ माहीत असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. आपलं सर्वांत मोठं काव्य टीकाच आहे. शेवटच्या टिपेत बर्नुलीचे अंक काढण्याची पद्धत आहे, जिला 'पहिला प्रोग्रॅम' म्हणतात. तो प्रोग्रॅम पानावर कसा दिसतो, हे मात्र फार थोडे लेख सांगतात. तो एक कोष्टक आहे. मोठं, आडवं, घडी घालून ठेवावं असं. क्रियेचा क्रमांक, क्रियेचा प्रकार, कोणत्या चलांवर ती होते, उत्तर कोणत्या चलात जातं, असे रकाने आणि खाली पंचवीस ओळी. यंत्र अस्तित्वात नव्हतं, ते कधीच बांधलं गेलं नाही, आणि यंत्राला काय सांगायचं ते लिहून ठेवायला तिच्या हाताशी जो आकार होता, तो द प्रोनीच्या मधल्या पायरीवरच्या माणसांनी खालच्यांना द्यायच्या कागदांचाच होता.

ग्रिअर यांच्या पुस्तकावर माझा आक्षेप आहे, तोही सांगतो. एक तर त्यांचा नकाशा मुख्यतः युरोप-अमेरिकेचा आहे. दुसरं, त्यांनी वस्तू बाजूला सारून माणसं आणली, पण माणसं आणताना कोष्टक हे त्या माणसांचं फक्त उत्पादन म्हणून येतं. कोष्टक वापरणाऱ्याचं काय? नॉटिकल अल्मनॅकसाठी इंग्लंडातल्या लडलो गावी घरी बसून आकडे करणारी मेरी एडवर्ड्झ त्यांच्याकडे आहे, आणि ती असायलाच हवी. कागदोपत्री काम नवऱ्याचं आणि आकडे तिचे, तो १७८४ मध्ये वारला आणि हिशेब चालूच राहिले तेव्हा गोष्ट उघड झाली. पण समुद्रावरच्या ज्या अधिकाऱ्याने तो अल्मनॅक उघडून रेखांश काढला, तोही गणनाच करत होता. त्याचं बोट रकान्यावरून खाली सरकणं ही गणनेची एक पायरी आहे. २००३ मध्ये ऑक्सफर्डने काढलेल्या 'द हिस्टरी ऑफ मॅथेमॅटिकल टेबल्स' या लेखसंग्रहात ही जाणीव जास्त आहे. त्याच्या उपशीर्षकातच सुमेरपासून स्प्रेडशीटपर्यंतचा पल्ला आहे. मात्र तो अभ्यासकांसाठी आहे, आणि गोष्ट म्हणून वंशावळीशी झुंजण्याची त्याची इच्छा नाही.

झुंजणारं पुस्तक कुठलं, असं विचाराल तर मी एक मराठी पुस्तक पुढे करीन, ज्याला संगणकाशी काहीच घेणंदेणं नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास, १८९६. दीक्षित कोकणातल्या मुरूडचे, पेशाने शिक्षक. त्याच साली त्यांचं रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबरचं 'दि इंडियन कॅलेंडर' हे इंग्रजी पुस्तकही निघालं, आणि ते तर बहुतांशी कोष्टकंच आहे, भारतीय तिथी इंग्रजी तारखांत आणण्यासाठी.

दीक्षितांच्या इतिहासात नायक कोण आहेत? ग्रंथ. त्यातही एक विशिष्ट जात, करणग्रंथ. ज्योतिषगणिताचे ग्रंथ तीन प्रकारचे. सिद्धांतात कल्पाच्या आरंभापासून हिशेब, तंत्रात कलियुगाच्या आरंभापासून, आणि करणात ग्रंथकाराच्या जवळच्या एखाद्या शकापासून. करण हा कामाचा ग्रंथ, पंचांगकर्त्याच्या मांडीवरचा. आणि 'करण' शब्दाचा अर्थ काय? साधन. व्याकरणात तृतीया विभक्तीचा कारकार्थ करण, ज्याच्या साहाय्याने क्रिया होते ते. म्हणजे या परंपरेने ज्या पुस्तकाने हिशेब होतो, त्या पुस्तकालाच उपकरण म्हटलं. हलणाऱ्या वस्तूची अट तिने कधी घातली नव्हती.

यातलं महाराष्ट्राला सर्वांत जवळचं करण म्हणजे गणेश दैवज्ञांचा 'ग्रहलाघव', शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२०. गणेश दैवज्ञ नांदगावचे, तेही कोकणच्या किनाऱ्यावरचं. लाघव म्हणजे हलकेपणा, सोपेपणा, आणि नाव खरं करणारी दोन कामं त्यांनी केली. कलियुगाच्या आरंभापासून दिवस मोजले तर तो आकडा सोळा लाखांच्या वर जातो, आणि प्रत्येक ग्रहासाठी त्याला गुणत बसायचं. त्यांनी साधारण अकरा वर्षांचं, ४०१६ दिवसांचं एक चक्र घेतलं. झालेली चक्रं वेगळी काढायची, उरलेले दिवस नेहमी ४०१६ च्या आत. आरंभीच्या स्थितीसाठी प्रत्येक ग्रहाचा क्षेपक ठरलेला, दर चक्रामागे करायच्या वजाबाकीसाठी ध्रुव ठरलेला. मोठा गुणाकार कायमचा मोडून त्याचे लहान तुकडे करून ठेवले. दुसरं काम जास्त धीट. ज्या आणि चाप, म्हणजे आजच्या भाषेत साइन आणि त्याचं उलट, यांची गरजच त्यांनी काढून टाकली आणि त्यांच्या जागी बेरीज-गुणाकार-भागाकारावर भागणाऱ्या रीती बसवल्या. आकडे श्लोकांत गुंफले, म्हणजे पुस्तक पाठ करता येतं, पावसात भिजत नाही. अचूकता, वेग आणि साठवण यांत किती द्यायचं आणि किती घ्यायचं, हा प्रश्न आज प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल. शेकडो वर्षं इथली पंचांगं यावर चालली. तरीही 'अबॅकस ते संगणक' या लेखात ग्रहलाघव येत नाही. आला तर 'प्राचीन भारतीयांना सगळं ठाऊक होतं' अशा छातीठोक लेखात येतो, आणि तिथेही तो कसा चालतो हे सांगितलेलं नसतं. दोन्हीकडे उपेक्षा सारखीच.

दीक्षित असं करत नाहीत, म्हणून मला ते आवडतात. ते ग्रंथ उघडतात, त्याचा आरंभशक कोणता ते सांगतात, त्याचे ग्रह मोजून बघतात, कुठे चुकतात ते नोंदवतात. कौतुक असलं की कौतुक, दोष असला की दोष. गणेश दैवज्ञांविषयी आदर ठेवूनही ग्रंथ जुना होतो हे त्यांना मान्य आहे. कारण करणाचा धर्मच तो, शकापासून जितकं दूर जावं तितकी चूक साठत जाते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' काढली ती याच कारणाने, युरोपीय गणिताचा आधार घेऊन. केरूनाना कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेले, आकाश आणि आकडा दोन्ही बघितलेले. त्यांच्या गणितावर शके १७८७ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागलं आणि मग कुठलं पंचांग खरं, सण कोणत्या दिवशी, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. एका कोष्टकामुळे घराघरांतली एकादशी हलत होती. कुठल्या पितळी यंत्राने असा परिणाम साधला?

मग कोष्टकं मेली का? वंशावळीला तसं वाटतं. प्रत्यक्षात अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३८ मध्ये न्यूयॉर्कला सरकारने बेकारांना काम म्हणून कोष्टकांचा प्रकल्प काढला. गर्ट्रूड ब्लांच यांच्या देखरेखीखाली शेकडो माणसं पेन्सिलने आकडे करत, धन संख्या काळ्या आणि ऋण संख्या लाल. त्या प्रकल्पात तयार झालेल्या मिल्टन अॅब्रॅमोविट्झ आणि आयरीन स्टेगन यांनी संपादित केलेलं फलनांचं हजार पानांचं पुस्तक १९६४ मध्ये निघालं, संगणकांचा बोलबाला सुरू झाल्यावर, आणि तरी विज्ञानातल्या सर्वाधिक वापरल्या गेलेल्या पुस्तकांत जाऊन बसलं. आपल्याकडे जमीनजुमल्याचे सरकारी दर ज्या तक्त्यात लागतात, त्याला लोक अजून 'रेडी रेकनर' म्हणतात. हा शब्द मूळचा दुकानातल्या तयार हिशेबाच्या पुस्तकाचा. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर लॉगटेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही, अशी सूचना असते. मुलं ती पानं उलटतात, बोट खाली नेतात, सरासरी फरक मिळवतात, आणि १६१७ च्या सुमारास हेन्री ब्रिग्जने सुरू केलेलं काम चार ओळींत उरकून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. त्यांना कुणी सांगत नाही की ते एक उपकरण चालवत आहेत.

शब्दाचंही तसंच झालं. इंग्रजीत 'कम्प्युटर' हे आधी माणसाच्या पदाचं नाव होतं. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात राधानाथ सिकदार हे मुख्य कम्प्युटर होते, आणि एव्हरेस्टची उंची ज्या आकडेमोडीतून निघाली ती त्यांच्या खात्याची. मराठीतही गणक म्हणजे माणूस, हिशेब करणारा, पंचांग मांडणारा. लेखक, गायक, वाचक, तसा गणक. यंत्र आलं तेव्हा आपण आधी नीट 'गणकयंत्र' म्हणत होतो, हिशेब करणाऱ्यासारखं काम करणारं यंत्र. मग 'संगणक' रुळला, सुटसुटीत म्हणून, आणि त्यातला 'यंत्र' गळून पडला. प्रत्यय अजून कर्त्याचाच आहे. फक्त त्या जागी बसलेला माणूस दिसत नाही. पंचांगाच्या मुखपृष्ठावर मात्र 'गणितकर्ते' म्हणून अजूनही नाव छापलेलं सापडतं.